फळांचं पाणी: घालायचं काय आणि काढायचं कधी

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्याऐवजी लिंबू-काकडीचं पाणी ठेवायचा आगाऊपणा मी एकदा केला. आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं. येणाऱ्या बायका म्हणजे चुलत सासूबाईंपासून समोरच्या गुजराती शेजारणींपर्यंत सगळ्या. आदल्या रात्री मोठ्या काचेच्या बरणीत लिंबांच्या चकत्या, काकडी आणि मूठभर पुदिना घालून बरणी फ्रिजमध्ये सारली. सकाळी ती इतकी देखणी दिसत होती की मी फोटोसुद्धा काढला. दुपारी पहिला घोट घेऊन चुलत सासूबाई म्हणाल्या, "अगं, यात कडुनिंब घातलास का? पाडव्याचा उरला होता वाटतं."

पाणी खरंच कडू झालं होतं. लिंबं ताजी होती, काकडी गोड होती, फ्रिजही व्यवस्थित चालू होता. चूक एकच, लिंबाच्या चकत्या सालीसकट चौदा-पंधरा तास पाण्यात राहिल्या. तेव्हापासून कोणी मला 'इन्फ्युज्ड वॉटर कसं करायचं' म्हणून विचारलं की मी आधी घड्याळाचं सांगते. बरणीत फळं घालणं कोणालाही जमतं. कोणतं फळ किती वाजता बाहेर काढायचं, तिथे माणसं चुकतात.

हे पाणी आहे, सरबत नव्हे

आमच्या घरी याला 'फळांचं पाणी' म्हणतात. सरबतात फळाचा रस पाण्यात मिसळतो, वर साखर-मीठ पडतं. इथे फळ पाण्याला नुसतं भेटून जातं. वास येतो, चवीची झाक येते, बस्स. पहिल्यांदा पिणाऱ्याला ते फिकं वाटतं. वाटू द्या. दोन-तीन दिवसांत जिभेला सवय होते. त्या फिकेपणावर साखर घालायचा मोह मात्र टाळा, कारण मग सरळ लिंबू सरबत केलेलंच बरं, ते जास्त चांगलं लागतं.

ही कल्पना आपल्याला नवीन नाही. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकणं किंवा पाण्यात मोगऱ्याची चार फुलं सोडणं हे याच जातीचं. फरक एवढाच की वाळा वाळलेली मुळं असतो, कापलेलं फळ ओलं आणि नाशवंत. या फरकावर पुढे परत येते, कारण पोट बिघडण्याचं मूळ तिथे आहे.

आणि औषधी गुणांबद्दल. या पाण्याने शरीरातली 'घाण' निघते, चरबी वितळते, चेहरा उजळतो, असं बरंच काही सांगतात. पी हळद हो गोरी. रक्त साफ ठेवायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, त्यांना हवं असतं ते पुरेसं पाणी. दोन तास भिजलेल्या चकत्यांतून जीवनसत्त्वं उतरतात तीही नावापुरतीच. क जीवनसत्त्व हवं असेल तर लिंबू पिळा. फायदा साधा आहे आणि मला तो पुरतो. ज्यांच्या घशाखाली साधं पाणी उतरत नाही ते हे पितात. माझा मुलगा दुपारी कोल्ड्रिंकची बाटली शोधायचा, आता फ्रिजमधला जग उचलतो.

भांडं

काच सगळ्यात चांगली, त्याखालोखाल स्टील. तांब्या-पितळेच्या भांड्यात हे पाणी करू नका. तांब्याच्या कळशीत साधं पाणी ठेवणं वेगळं आणि लिंबू, संत्रं, कैरी घातलेलं आंबट पाणी ठेवणं वेगळं. आंबटाने तांबं पाण्यात उतरतं, चव कळकते आणि जास्त उतरलं तर मळमळ, उलटी होते. कल्हई उडालेल्या पितळेचं तेच. अॅल्युमिनियमही नको. प्लॅस्टिकच्या बाटलीला पुदिन्याचा वास एकदा धरला की महिनाभर सुटत नाही.

बरणीचं तोंड हात आत जाईल इतकं रुंद हवं. खाली तोटी असलेल्या बरण्या दिसायला छान, पण ती तोटी उघडून आतून धुतली नाही तर तिच्यात बुळबुळीत थर जमतो. मी दर खेपेला तोटी काढते आणि बाटली घासायच्या बारीक ब्रशने साफ करते. हा कंटाळा येणार असेल तर साधा झाकणाचा जग घ्या.

पाणी

पाणी आधी पिण्यालायक हवं. लिंबाने किंवा तुळशीने पाणी शुद्ध होत नाही. शंका असेल तर उकळा, झाकून गार करा आणि मगच वापरा. बडोद्याला आजव्याचं पाणी आहे (तो तलाव सयाजीराव महाराजांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधवला), शिवाय मही नदीचं पाणी येतं. नळाला कधी कधी क्लोरिनचा वास असतो. एरवी तो जाणवत नाही, पण काकडीसारखा हलका स्वाद त्याच्याखाली दबून जातो. स्वच्छ पातेल्यात पाणी जाळीने झाकून तीन-चार तास ठेवलं किंवा उकळून घेतलं की हा वास बराच उतरतो. फिल्टरचं पाणी असेल तर हा खटाटोप नको.

बाजारात

मी खंडेराव मार्केटला सकाळी लवकर जाते. लिंबू पातळ सालीचं, हातात जड लागणारं घ्यावं. जाड सालीत पांढरा भाग जास्त आणि कडूपणा त्याच पांढऱ्या भागात आणि बियांत असतो. काकडी कोवळी, बारीक. आमचा भाजीवाला सवयीने सांगतो, "कडवी नीकळे तो पाछी लावजो, बेन." मी कधी परत नेली नाही, पण घरी येऊन चाखल्याशिवाय वापरलीही नाही. पुदिन्याच्या जुडीत मधली पानं बघा. वरची हिरवी आणि आतली काळी अशी जुडी बऱ्याचदा मिळते. पुदिन्याशेजारीच गवती चहा असतो, इथे त्याला 'लीली चा' म्हणतात. सब्जा हवा असेल तर दुकानदाराकडे 'तकमरिया' मागा.

फळं धुवायची ती कापण्याआधी, अख्खी, वाहत्या पाण्याखाली, हाताने चोळून. साल काढायची असेल तरी धुवा, कारण सुरी सालीवरची माती आत नेते. साबण लावू नका, तो सालीत मुरतो. चकचकीत मेणाचं सफरचंद असेल तर सरळ सोला. पुदिना, तुळस, कोथिंबीर नळाखाली धरून भागत नाही. पातेलंभर पाण्यात बुडवून हलवा, पानं वर उचला, तळाशी बसलेली रेती फेकून द्या. दोन-तीन वेळा. पावसाळ्यात चार.

पहिलं पाणी: लिंबू, काकडी, पुदिना

एक लिटर पाण्याला एक लहान लिंबू, अर्धी काकडी आणि पुदिन्याची आठ-दहा पानं. सुरुवातीला याहून जास्त घालू नका. फळ दुप्पट केल्याने स्वाद दुप्पट होतोच असं नाही, पाणी गढूळ मात्र होतं.

आधी काकडी. देठाकडचं टोक जरा जास्तच कापा, कडूपणा त्या बाजूला अधिक असतो. टोक घासून फेस काढायची आपली रीत आहे ती खुशाल पाळा, पण तेवढ्यावर विसंबू नका; एक चकती चाखा. कडू लागली तर अख्खी काकडी टाका. उरलेली चालवून घेऊ म्हणू नका, तो कडूपणा पोटालाही बाधतो. गोड असेल तर पातळ चकत्या करा, साल ठेवली तरी चालते.

मग लिंबू. दोन्ही टोकं कापून फेका, मधल्या चार-पाच चकत्या करा आणि सुरीच्या टोकाने प्रत्येक बी काढा. कंटाळवाणं काम आहे, पण बी राहिली की मागे कडवट चव राहते.

पुदिना कुटू नका. पुदिन्याचा वास पानांच्या पृष्ठभागावरच्या अगदी बारीक तेलाच्या पिशव्यांत असतो. त्या फुटायला पानं तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी मारली की पुरे. खलबत्त्यात ठेचलात तर पानाचा हिरवा रस उतरतो आणि पाण्याला गवताची चव येते. देठं वगळा.

आता जगात तळाशी पुदिना, त्यावर काकडी, वर लिंबू असं घालून गार पाणी ओता. वरून ओतलेल्या पाण्याने सगळं ढवळलं जातं, वेगळं ढवळायला नको. झाकण लावून फ्रिजमध्ये.

आता घड्याळ. तासाभराने पाणी पिण्याजोगं होतं, दोन तासांनी छान मुरतं. दोन तास झाले की लांब चमच्याने किंवा चिमट्याने लिंबाच्या चकत्या बाहेर काढा. लिंबाचं विचित्र असं आहे की कापल्यावर लगेच ते कडू नसतं. कापलेल्या भागातलं एक बिनकडू द्रव्य आंबट रसाच्या संगतीत हळूहळू कडू द्रव्यात बदलतं. म्हणून संध्याकाळी चाखलं तेव्हा झकास लागलेलं पाणी सकाळी कडुनिंब होतं. माझ्या बरणीचं हेच झालं. लिंबाचा आंबटपणा रात्रभर हवाच असेल तर चकत्यांऐवजी अर्धं लिंबू पिळून गाळून घाला.

काकडी चार-सहा तास राहिली तरी बिघडत नाही. पुदिन्याची पानं काळी पडायला लागली की त्यांनाही रजा. अर्धा जग संपल्यावर एकदा पाणी वाढवता येतं. चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखंच ते फिकं होतं, तिसऱ्यांदा काही उरत नाही. फ्रिजमध्येसुद्धा फळं चोवीस तासांच्या वर पाण्यात ठेवायची नाहीत. गाळून घेतलेलं पाणी फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं, आमच्याकडे ते तेवढं उरत नाही.

बाकीची फळं, पानं, मसाले

हे एक पाणी चार-पाच वेळा जमलं की पुढे जा. मोसंबी आणि संत्र्यालाही लिंबाचाच नियम, पण त्यांचा पांढरा भाग सोलून टाकता येतो. नुसत्या फोडी घातल्या की कडूपणाची भीती बरीच कमी. संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी पापुद्रा बोटभर घातला तर वास सुंदर येतो.

कैरी माझी लाडकी. पातळ काप, सोबत पुदिना आणि चिमूटभर भाजलेलं जिरं, दोन तास. पिकलेला आंबा मात्र नको, तो पाण्यात विरघळून गाळ होतो. केळ्याचंही तसंच. कलिंगडाचा स्वाद लगेच उतरतो, पण दोन-तीन तासांत फोडी लिबलिबीत होतात. कलिंगडाचं पाणी करायचं ते त्याच बैठकीत संपवायला. डाळिंबाचे दाणे अख्खे घालून काही होत नाही, पळीच्या पाठीने थोडे चेपावे लागतात. सफरचंद फार सावकाश स्वाद सोडतं आणि तोवर काळं पडतं. लिंबाचे चार थेंब चोळले तर रंग टिकतो. अननस चांगला, मधला कडक दांडाही घालता येतो.

कडक जिनसांना गार पाणी पुरत नाही. दालचिनी, आलं, गवती चहा, बडीशेप यांचा वास तेलात असतो आणि तो गार पाण्यात नाखुशीने उतरतो. त्यासाठी वाटीभर उकळतं पाणी वेगळं घ्या, जिन्नस त्यात दहा मिनिटं झाकून ठेवा, गाळा, पूर्ण गार करा आणि मग जगातल्या पाण्यात मिसळा. गरम ओतू नका, फळं शिजल्यासारखी होतात आणि काचही तडकते. बडीशेपेला इथे वरियाळी म्हणतात आणि उन्हाळ्यात वरियाळीचं सरबत घरोघरी होतं. तीच बडीशेप बिनसाखरेची, एक लिटरला एक चमचा, काळ्या मनुकांबरोबर करून बघा. मनुकांचा किंचित गोडवा उतरतो आणि साखरेची आठवण येत नाही. फळं नसलेलं हे एकच पाणी मी पाहुण्यांपुढे निर्धास्त ठेवते.

तुळशीची चार-पाच पानं पुरेत. जास्त झाली तर लवंगेसारखा उग्र वास येऊन काढा पीत असल्यासारखं वाटतं. सब्जा जगात घालू नका. अर्ध्या वाटी पाण्यात पंधरा-वीस मिनिटं फुगवून प्रत्येकाच्या पेल्यात चमचाभर घाला, नाहीतर तो तळाशी गोळा होऊन बसतो.

बडोद्याचा मे महिना

पारा ४० अंशांच्या पुढे जातो तेव्हा टेबलावर मांडलेली फळांची बरणी म्हणजे जंतूंना आमंत्रण. एरवी कापलेलं फळ घातलेलं पाणी बाहेर दोन तासांपर्यंत ठेवता येतं. ३२ अंशांच्या वर गेलं की एकच तास. लग्नकार्यात सकाळपासून मांडून ठेवलेल्या असल्या बरण्यांतलं पाणी मी पीत नाही, बर्फ कितीही दिसत असला तरी. ऑफिसला किंवा शाळेत न्यायचं तर गाळून, बिनफळाचं न्या.

माठातही फळं घालायची नाहीत. माठाच्या अंगावरच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं, त्याने आतलं पाणी गार होतं, पण फ्रिजइतकं नाही. फ्रिजच्या ४ अंशांना जंतूंची वाढ मंदावते, माठात ती चालू राहते. वर माठ आतून घासून स्वच्छ करणं कठीण. माठासाठी वाळाच बरा. तो गांधीच्या दुकानात मिळतो (इथे जडीबुटी विकणाऱ्याला गांधी म्हणतात). माती जाईपर्यंत चार पाण्यांनी धुवा, मलमलच्या पुरचुंडीत बांधून माठात सोडा, दोन-तीन दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवा आणि परत वापरा. वास कमी झाला की नवी जुडी.

पाण्यावर बारीक बुडबुडे दिसले, फळ बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला तर चाखून खात्री करायच्या फंदात पडू नका, मोरीत ओता.

एक गैरसमज इथे हमखास दिसतो. ऊन लागून उलट्या-जुलाब होत असले की लोक हे पाणी देतात. त्यात मीठ नसतं, साखर नसते, त्याने भरपाई होत नाही. तेव्हा ओआरएसचं पाकीट आणा. ते हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजा आणि डॉक्टरांना दाखवा.

दिवसभर लिंबाचं पाणी घोट घोट पीत राहिल्याने दातांवरचं कवच झिजतं. ते जेवणाबरोबर किंवा एका बैठकीत प्या, नंतर साध्या पाण्याने चूळ भरा. लगेच दात घासू नका, तासभर जाऊ द्या. पपनस किंवा ग्रेपफ्रूट घालायचा विचार असेल आणि घरात कोणी कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. या फळांमुळे काही गोळ्यांचा अंश रक्तात नको इतका वाढतो. मूत्रपिंडाच्या आजारात पाणीसुद्धा मोजून प्यायचं असतं, तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच.

काढलेली काकडी मी दही घालून कोशिंबिरीत वापरते. आलं आणि गवती चहा दुपारच्या चहात जातात. लिंबाच्या चकत्यांनी ओटा आणि सिंक घासते.

हळदीकुंकवाचं सांगायचं राहिलं. पंचवीस बायकांना पाच लिटर पाणी पुरतं, लहान पेले धरून. आता मी आदल्या रात्री फक्त पाणी गार करायला ठेवते. सकाळी अकराला त्यात काकडी पडते. बायका पाचला येणार असतील तर लिंबू आणि पुदिना चारला. पाचला सगळं गाळून जगात भरते आणि जग फ्रिजमधून एकेक करून बाहेर आणते. देखणेपणासाठी प्रत्येक पेल्यात काकडीची एक ताजी चकती. शेजारी पन्ह्याचं पातेलं असतं, आणि चुलत सासूबाई अजूनही आधी तिकडेच हात घालतात.